कपाटाच्या वरची रेघ

पैज लागली ती एर्मिनियाच्या केस कापायच्या दुकानासमोर, फुटपाथवर खुर्च्या टाकून माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, पिताना.

"तुझी पोरगी सेलिना नाताळाच्या आत पदवीधर होत नाही," फाउस्तो म्हणाला. "झाली, तर विद्यापीठाच्या फाटकासमोर तिच्या वाट्याची अंडी मी अंगावर घेईन."

पराना नदीकाठच्या त्या गावात शेवटची परीक्षा पास झालेल्याला मित्रमंडळी फाटकातच गाठतात. अंडी, पीठ, मोहरीची चटणी, हाताला येईल ते. मग बोंबा मारत वरात.

"आणि नाही झाली तर?" एर्मिनियानं विचारलं.

"तर तू केसांना रोलर लावून रविवारी चर्चला जायचंस. पहिल्या बाकावर."

"ठरलं. मेल्या, पीठ मी स्वतः चाळून आणीन."

फाउस्तो कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात गल्लीला छळायचा. एर्मिनियाच्या दारावर 'टकल्यांना निम्मा दर' ही पाटी त्यानंच लावली होती, आणि तीन टकले खरोखर आत येऊन बसले होते.

पैज जिंकायची त्याला खात्री होती, कारण सेलिनाच्या प्रबंधाचा विषय त्याच्या कानावर आला होता: नदी आणि माणूस. सव्वीस वर्षांपूर्वी हाच विषय घेऊन तो स्वतः बसला होता. सगळ्या परीक्षा पास, फक्त प्रबंध राहिलेला. "पुरात गेला," तो सांगायचा आणि भिंतीवरची तपकिरी रेघ दाखवायचा, कपाटाच्याही वर. मोठ्या पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची रेघ गल्लीतल्या प्रत्येक घरात होती. डिसेंबरात विद्यापीठाकडून बोंबा ऐकू यायला लागल्या, की फाउस्तो समोर असेल ते मशीन रिकामंच सुरू करायचा. त्या खडखडाटात बाकी काही ऐकू येत नसे.

ऑगस्टात सेलिना आली. "काका, तीनशे पानं टिपणं झालीत. पहिलं वाक्य सुचत नाही."

आता नुसतं गप्प बसलं तरी पैज खिशात. फाउस्तोनं माते भरली, तिच्या हातात दिली आणि त्याची जीभ वळवळली.

"तुला विचारायचंय तरी काय?"

"नदीचा मानवी जीवनावर होणारा..."

"ते नदीला विचार. तुला काय खुपतं ते सांग. एवढंसं."

सेलिनानं भिंतीकडे पाहिलं. "आमची रेघ तुमच्याहून खाली का? रस्ता तर सपाट आहे. पाणी काय घर बघून चढतं?"

फाउस्तोला ठसका लागला. सव्वीस वर्षांपूर्वी असला एक प्रश्न सापडला असता तर. एक गल्ली, एक्केचाळीस घरं, हातानं मोजता येईल असं काहीतरी. आणि हा प्रश्न फिरत फिरत शेवटी कुठल्या घरात शिरणार, तेही त्याला दिसत होतं.

"हा धर," तो म्हणाला. "बाकीची टिपणं बांधून ठेव. काय मोजणार, कुणाला विचारणार, आणि उत्तर मनाविरुद्ध आलं तर तेही लिहिणार का, एवढ्या तीन ओळी आण. चौथी आणलीस तर तुला मशीनमध्ये घालून पिळीन."

मोजायला त्यानंच तिला गवंड्यांकडे असते तशी लांब पारदर्शक नळी दिली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पातळी सारखी राहते. धक्क्यावरच्या गोदामाच्या दगडावर पुराच्या दिवशीच कोरलेली खूण होती. तिथून पातळी धरत सेलिना घरोघर फिरली. जवळपास प्रत्येक घराची रेघ खऱ्या पाण्याच्या वर निघाली. कुठं वीतभर, कुठं हातभर.

"रंग देताना जरा वर गेली असेल," सगळे एकच सांगत. बेकरीवाल्या गुमेर्सिंदोनं तर आईची शपथ घेतली.

"सर म्हणाले, आकडे आहेत पण कारण कुठाय?" सेलिना कुरकुरली. चाळीस घरं झाली होती. एक राहिलं होतं.

फाउस्तोनं कधी कुलूप गंजलं म्हणून सांगितलं, कधी मांजर व्यालंय म्हणून. प्रबंध द्यायला दहा दिवस उरले. त्या दुपारी सेलिना त्याच्या पायरीवर बसली होती, मांडीवर नळीचं वेटोळं. कागद तिनं पिशवीत घालून गच्च गाठ मारली होती.

"पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली.

हे वाक्य फाउस्तोच्या ओळखीचं होतं. त्यानं दार उघडलं.

नळीतलं पाणी त्याच्या गुडघ्यापाशी थांबलं. रेघ डोक्याच्याही वर होती. सेलिनानं गुडघा पाहिला, रेघ पाहिली.

"काका, प्रबंधाची पेटी कुठं होती?"

"कपाटावर." तो नळीकडेच बघत राहिला. "मीच खाली काढली. पाण्यात ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो. पाणी ओसरल्यावर खुर्चीवर चढून रेघ मारली."

"का?"

"चारशे पानं होती आणि प्रश्न एकही नव्हता. पुरात गेला म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही." त्यानं नाक ओढलं. "लिही. नाव घातलंस तरी चालेल."

तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाउस्तो स्वतः तिला घेऊन बेकरीत गेला आणि गुमेर्सिंदोला आपली कपाटाची गोष्ट सांगितली. बेकरीवाल्यानं पिठातले हात पुसले. मग म्हणाला, "बायको त्याच आठवड्यात निघून गेली. पाणी कमरेच्या वर होतं म्हटलं की गेली त्यात नवल वाटत नाही." संध्याकाळपर्यंत आणखी सहा घरं बोलली.

वीस डिसेंबरला सेलिना पास झाली.

गल्ली अंड्यांचे ट्रे घेऊन फाटकाशी जमली. फाउस्तो पांढरा सदरा घालून आला. सव्वीस वर्षांपूर्वी याच दिवसासाठी घेतलेला, दुकानातल्या घड्या अजून तशाच. पोटावरची दोन बटणं लागत नव्हती.

"अंडी खायला नवा सदरा घालून आलास?" एर्मिनिया म्हणाली.

"पैज म्हणजे पैज."

पास झालेले उभे राहतात त्या पायरीवर तो चढला. सेलिना समोर कोरडी, स्वच्छ, हातात अंडं घेऊन उभी होती.

"काका, डोळे मिटा."

"नाही मिटत. बघू दे."

पहिलं अंडं एर्मिनियानं मारलं, थेट कपाळावर. "वाका जरा, पदवीधर," ती म्हणाली आणि पीठ ओतलं. मग सगळे तुटून पडले. बोंबा उठल्या. आज त्या ऐकायच्या नाहीत म्हणून सुरू करायला जवळ मशीन नव्हतं. फाउस्तो हात खाली सोडून शेवटच्या ट्रेपर्यंत तसाच उभा राहिला.

ट्रे रिकामा झाला. त्यानं पापण्यांवरचं पीठ पुसलं.

"एवढीच आणलीत?" त्यानं विचारलं.