स्की मीच काढल्या होत्या

गेल्या मार्चमध्ये मी हिमनदीच्या भेगेत पडले. भेगेवर साचलेल्या बर्फाचा पूल स्की पायात असतानाच खचला असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं होतं. मला लघवीला लागली होती. हिमनदीवर पायातल्या स्की काढायच्या नसतात, त्यांच्यामुळे अंगाचा भार पसरतो, हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. पण मी तीस वर्षं या डोंगरात घसरतेय, पाच पावलांनी काय होतंय म्हणून काढल्या. तिसऱ्या पावलाला खाली गेले.

आमचा वाटाड्या लोइक याने दोर टाकून मला वर ओढलं. मोडलेल्या दोन बरगड्या जुळल्या. पण लोइकला कच्चा पूल ओळखता येत नाही, असं गावाने ठरवून टाकलं. यंदाच्या हिवाळ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर रोज सकाळी आपल्या बेकरीत उभी राहून त्याच गावाला पाव विकत होती.

म्हणून या मार्चमध्ये मी हट्टाने त्यालाच बोलावलं. पडले त्याच जागी उभं राहून मित्रांसमोर खरं सांगायचं, मग पुढे काय व्हायचं ते होवो. ब्रुनो आणि मिरेय माझे शाळेपासूनचे सोबती. ब्रुनो यायलाच तयार नव्हता. रोपवेतून वर उतरल्यावरही त्याने टोमणा मारलाच, "लोइक, आज पूल नीट बघून ने बाबा. ओदेतकडे मोडायला फार बरगड्या उरलेल्या नाहीत." लोइकने आमच्या कमरेचे पट्टे ओढून पाहिले आणि पुढे निघाला.

रात्री गुडघाभर नवा बर्फ पडला होता. लोइकच्या मागोमाग, मध्ये पन्नास पावलांचं अंतर सोडून, आम्ही एकेक उतरत होतो. अशा बर्फात एरवी मी गाणी म्हणते. त्या दिवशी खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. स्वतःचाच राग येत होता.

लोइकने काठीने टोचून टोचून एक सपाट जागा निवडली, तिथे आम्ही जेवायला थांबलो. माझी भेग कुठे आहे, असं मी विचारलं. तो म्हणाला, ती जागा आता नाही, वर्षभरात हिमनदी खाली सरकलीय. पळवाट आयतीच चालून आली होती. पण घरी परतले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"पूल आपोआप खचला नव्हता," मी म्हणाले. "स्की मीच काढल्या होत्या. लघवीला."

ब्रुनोच्या हातातलं चीज हातातच राहिलं. मिरेय माझ्याकडे बघेना. लोइक मात्र सॉसेज कापत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुमच्या स्की काठावर नीट रोवून ठेवलेल्या होत्या. मीच उपटल्या."

मी त्याच्यावरच भडकले. "मग वर्षभर गप्प का बसलास?"

"वाटाड्याने मागच्या माणसाकडे बोट दाखवायचं नसतं. आणि मला काय सांगताय? मला ठाऊकच होतं. हे दोघं तर तुमचेच. सांगायचं तर खाली गावात सांगा."

उतरताना मी एकदाही पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बेकरीत पहिला आला तो म्हातारा आन्सेल्म. त्यानेच आपल्या पुतण्यांना लोइककडे जाऊ दिलं नव्हतं. त्याचा पाव मी हातात धरून ठेवला आणि आधी सगळं सांगितलं.

"लघवीला?" त्याने दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं. मागची रांग हसली.

"हो, लघवीला," मी म्हणाले, आणि पुढच्या बाईला पहिल्यापासून सांगायला लागले. दहापर्यंत चाळीसएक जणांना सांगून झालं. दर वेळी कान तितकेच तापायचे.

मग लोइक आला आणि रांगेत शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गावभर सांगत सुटले, हिमनदीवर त्याच्यावर ओरडलेसुद्धा, पण त्याला सांगायचं ते राहूनच गेलं होतं. दुकानात बरीच माणसं रेंगाळत होती. बरंच झालं.

"चूक माझी होती, लोइक," मी म्हणाले. "मला माफ कर."