माझंच कालवण माझ्याच दारात

रमजानच्या महिन्यात रागावू नये म्हणतात. रोजा नुसता पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, असं आमचे इमाम दर शुक्रवारी सांगतात. सांगू देत बापडे. त्यांचंच कालवण दुसऱ्याच्या भांड्यातून त्यांच्या दारात परत आलेलं नाही अजून.

झालं काय, त्या दिवशी मी टेंपोयाक केलं होतं. डुरियनच्या फळांचा मोसम सरत आला की उरलेला गर मीठ लावून बरणीत मुरवायचा आणि पुढे पुरवून पुरवून वापरायचा, हे आमच्या नदीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात नदीतला पातिन मासा, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, हळद, आणि वरून हळदीचं पान गाठ मारून सोडायचं. सगळ्या बायका एकेरी गाठ मारतात. मी दुहेरी मारते, कारण माझी आई तशी मारायची. दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर मी वाडगा भरला आणि कुंपणावरून शेजारच्या रोसमिनीच्या हातात दिला. रोजा सोडायच्या आधी प्रत्येक घरातून दुसऱ्या घरात काहीतरी जायलाच हवं, नाहीतर ती संध्याकाळ आम्हाला संध्याकाळ वाटत नाही.

"अगंबाई, माक लोंग! टेंपोयाक! आज माझी चैन आहे," रोसमिनी म्हणाली. माक लोंग म्हणजे थोरली मावशी. सगळं गाव मला तेच म्हणतं, माझं कलसोम हे नाव आता फक्त नवऱ्याच्या तोंडी उरलंय, तेही नुसतं सोम.

मी खुशीत घरी आले आणि ग्रुपवर कृती टाकली. आमच्या गावातल्या बायकांचा ग्रुप आहे, 'आज काय शिजवू?' नावाचा. रोज बेत सुचवायचा तो मीच. बांबूला कोंब फुटले की त्यांचं नारळाच्या दुधातलं कालवण, पूर ओसरला की काठावरच्या नेच्याची कोवळी पानं, केळफूल, फणसाची कुयरी, जे ज्या दिवसांत मिळेल ते. मी कृती टाकली रे टाकली की खाली लाल बदाम उमटायला लागतात. "वा माक लोंग!" "तोंडाला पाणी सुटलं!" "उद्याच करते!" त्या दिवशी मी शेवटी एक ओळ मुद्दाम लिहिली होती: मीठ जरा सढळ हाताने घाला, हल्लीच्या मिठात दम नाही.

आणि खरंच नाही हो! मला वाटलं तरी तसंच. मीठ मचूळ, चिंच आंबट लागत नाही, बाजारातल्या मिरच्या नुसत्या दिसायला लाल. नारळाचं दूध डबाबंद आणलं तर ते पाण्यासारखं, आणि घरी काढलं तरी तसंच. सगळ्यांनी मिळून फसवायचं ठरवलंय, असं मी नवऱ्याला पुराच्या दिवसांपासून सांगत होते. तो "हूं" म्हणायचा.

तर मी सरबत ढवळत होते, तेवढ्यात पायऱ्यांशी हाक आली. नदीकडच्या घरातली नवी सून, सलबिया. नुकतंच लग्न होऊन आलेली, गावात कुणाला फारसं ओळखतही नाही. हातात हिरव्या काठाचं इनॅमलचं भांडं.

"माक लोंग, जमालियाताईंनी आमच्याकडे टेंपोयाक पाठवलं होतं. आमच्याकडे कुणी खात नाही. सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला आवडतं, तुम्हाला देऊन ये."

मी झाकण उघडलं. हळदीचं पान. दुहेरी गाठ.

मी पुन्हा बघितलं. माशाचं डोकंसुद्धा मी ठेवलं होतं तसंच, डोळा वर करून. कुणी चमचासुद्धा घातलेला नव्हता. माझ्या घरातून रोसमिनीकडे, रोसमिनीकडून जमालियाकडे, जमालियाकडून सलबियाकडे आणि तिथून फिरून माझ्याच दारात. अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालून आलं, पण एका माणसाच्या पोटात जायला म्हणून थांबलं नाही!

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि सगळ्यांत जास्त झोंबलं काय सांगू? सगळ्यांचे रोजे होते. म्हणजे चाखून नाकारलं असंही नाही. न चाखताच! कुणाच्या हातचं आहे एवढं कळलं आणि पुढे ढकललं. जसं काही दारात मेलेली मांजर टाकली होती.

सलबियाला मी काही बोलले नाही, तिचा काय दोष. पण डोक्यावर ओढणी घेतली आणि भांडं तसंच उचलून रोसमिनीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ती भजी तळत होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तिने भांड्यात बघितलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण जीभ काही थांबली नाही. "अय्या, माक लोंग, अहो, आज इतकं आलं ना घरी! आम्ही दोघंच माणसं. वाया जाऊ नये म्हणून..."

"म्हणून माझंच वाया घालवायचं? भजी तळायला बरी जागा आहे पोटात!"

"तसं नाही हो. तुमच्या हाताला काय चव आहे, कुणालाही विचारा."

"मी तुला विचारतेय. खाल्लंस?"

"इतकं सुंदर दिसत होतं, की एकटीने खाववेना," बाई म्हणते! तोंड वर करून!

जमालियाकडे गेले तर तिचं वेगळंच. "माझ्या नवऱ्याला वाताचा त्रास, डुरियन चालत नाही." गेल्या मोसमात हाच माणूस बागेत मचाण बांधून डुरियन पडायची वाट बघत बसला होता. मी तसं म्हटलं, तर जमालिया माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माक लोंग, तुम्ही आमच्या आईच्या जागी." अगं, आईच्या जागी आहे तर आईला सांग ना, काय बिघडलं ते! पण नाही. लाज राखायची, मन जपायचं, गोड बोलायचं, आणि कालवण कुंपणापलीकडे द्यायचं. या आमच्या लोकांच्या सभ्यतेला आग लागो. मी रोजा असून हे बोलले, आणि पुन्हा बोलेन.

घरी आले तेव्हा मगरिबची अजान व्हायला आली होती. नवरा हात धुऊन चटईवर बसला होता, समोर खजूर. नोर्दिन त्याचं नाव, गावाचा पाक लोंग. जन्मभर पोस्टात टपाल वाटत फिरला, त्यामुळे बोलणं कमी आणि चालणं जास्त. मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. ते हिरव्या काठाचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं आणि भात वाढला.

त्याने कालवलं, घास घेतला, सावकाश गिळला.

"कसं झालंय?"

"छान."

मग पाणी. मग दुसरा घास आणि पुन्हा पाणी. मी बघत राहिले. एका ताटाला सबंध तांब्या संपवला की त्याने!

"अहो, छान आहे तर एवढं पाणी कशाला?"

"रोजा होता ना, सोम. तहान लागते."

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. हाही त्यांच्यातलाच. हाही खोटं बोलतोय. आणि खोटं बोलतोय तर मी आज त्याला रंगेहाथ पकडणार. नमाज आटोपून तो बाहेर येऊन बसला, तेव्हा मी वाडग्यात पेज घेतली. रमजानमध्ये त्याला नमाजानंतर थोडी पेज लागते. मी मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मीठ त्या वाडग्यात टाकलं. चिमूट नाही, मूठ. ढवळलं आणि नेऊन त्याच्या हातात दिलं.

त्याने चमचा तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मानेची शीर ताठ झाली. पण गिळलं हो, त्या माणसाने गिळलं.

"कशी झालीय पेज?" मी गोड आवाजात विचारलं.

"छान."

"छान? आता बघाच!" मी त्याच्या हातातून चमचा हिसकावला. पेजेने भरून तोंडात घातला. थुंकून टाकणार होते त्याच्यासमोर. शब्दही तयार होते, अहो, याला छान म्हणता, तुमची जीभ आहे की चामडं?

पेज मऊ होती, कोमट होती. बाकी काहीच नव्हतं.

मी पुन्हा चमचा भरला. पुन्हा काही नाही. मी बोट वाडग्याच्या तळाला घासलं, न विरघळलेले खडे बोटाला लागले, ते जिभेवर ठेवले. दाताखाली कचकच झाली. नुसती वाळू.

नवरा माझ्याकडे बघत होता. "बस खाली," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पुरात तुला ताप आला होता ना. त्यानंतर."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"गावाला?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणजे गावालाही.

मग मात्र मी त्याच्यावर अशी तुटून पडले, की वळचणीच्या कोंबड्या उठल्या असतील. मला आंधळ्यासारखी फिरवलीत! ग्रुपवर मी कृती टाकतेय, मीठ वाढवा म्हणून शहाणपण शिकवतेय, आणि घराघरांत बायका हसत असतील! मिठाला दोष दिला, चिंचेला दिला, त्या दुकानदाराशी नारळावरून भांडले मी! एकालाही तोंड नव्हतं? तुम्हालाही नव्हतं? लग्न करून आणलंत तेव्हापासून रोज खोट काढायचात. आज आंबट कमी, आज मासा मोडला, आईच्या हातची गोष्टच वेगळी. तेव्हा बरी जीभ चालायची! आणि जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा छान, छान, छान!

"तेव्हा तू ऐकून घ्यायचीस आणि दुसऱ्या दिवशी नीट करायचीस," तो म्हणाला. "आता सांगून नीट होणार नव्हतं. मग कशाला सांगू?"

हे ऐकून राग आणखीच वाढला. मी फोन घेतला. लिहिलं: "माक लोंगची चव गेली आहे. खारट, आंबट, तिखट, काही कळत नाही. पुराच्या तापापासून. तोपर्यंतच्या कृती बरोबर आहेत, नंतरच्या सगळ्या खोडून टाका. ज्यांना माहीत होतं त्यांनी निदान आता तरी खरं बोलावं."

पाठवून दिलं. वाटलं, आता फोन वाजेल, रोसमिनी धावत येईल, जमालिया रडेल.

लाल बदाम उमटले.

रोसमिनी: "वा माक लोंग! नेहमीप्रमाणे अप्रतिम."

जमालिया: "तोंडाला पाणी सुटलं. उद्याच करते."

आणखी कुणीतरी दोन अंगठे.

मी ते वाचून दाखवलं. मोठ्याने, नवऱ्याला. मला हसू येत होतं की रडू, ते मलाच कळेना. न खाताच पुढे ढकलत होत्या तसंच न वाचताच वा वा करत होत्या! कधीपासून, ते अल्लालाच ठाऊक. माझ्या बांबूच्या कोंबांना, माझ्या केळफुलाला, कशाला तरी कुणी हात लावला होता का?

नवऱ्याने पेजेचा वाडगा बाजूला सारला. घसा खाकरला.

"पेज खारट आहे, सोम. तोंडात धरवत नाही."

"ठाऊक आहे. मीच घातलंय मीठ."

"आजचं टेंपोयाकही खारट होतं. आणि हळद कच्ची राहिली होती."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे नाही, बाहेर अंगणाकडे बघून बोलत होता, पत्त्यामागून पत्ता वाचून दाखवावा तसा. "काल वांग्यात साखर दोनदा पडली होती. परवाची चटणी खालून करपली होती, तुला वास आला नाही. नेच्याच्या भाजीत मीठच नव्हतं. पहिल्या रोजाचं कोंबडीचं कालवण, त्यात चिंच एवढी, की माझे दात आंबले. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात..."

"बोला," मी म्हटलं. "थांबू नका."

तो सांगत राहिला. एकेक बेत, एकेक खोट, थेट तापाच्या दिवसांपर्यंत. एकही जेवण सुटलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रागाने कान तापले होते. मधूनच मी म्हणत होते, "एवढंही वाईट नसेल हो," आणि तो म्हणत होता, "होतं. फार वाईट होतं. मी खाल्लंय ना."