पाळकांच्या ताटाचं वजन

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक म्हातारा वजनकाटा. काच तडकलेली, अंगावर नारळाच्या दुधाचे डाग. पण आजवर खोटं बोललो असेन तर माझी स्प्रिंग तुटो.

टोंगातल्या वावाऊ बेटावर मला लुपेने आणलं. ही आहारावर संशोधन करणारी मुलगी. पावाऐवजी अळकुड्या खाल्ल्या तर रक्तातली साखर आटोक्यात राहते का, हे तिला शोधायचं होतं. घरोघरी काटे वाटून तिने बजावलं, "जेवण तोलायचं आणि मला सांगायचं." मी सेलुवाया आजीकडे आलो, माझा जुळा भाऊ गावच्या चर्चचे धर्मगुरू, पाळक फिफिता यांच्याकडे गेला.

आजी मला रोज पुसायची. रविवारी भट्टीतून निघालेलं डुक्कर, अळकुड्या, अळूच्या पानातलं मटण, सगळं माझ्यावर चढायचं. मग त्यातलं उत्तमातलं उत्तम ताट पाळकांकडे जायचं. त्यांना वाढल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास घेत नाही. सगळ्या गावाची ताटं येत, म्हणून पाळकांची चूल रविवारी थंड आणि माझा भाऊ माश्या मारत बसलेला.

इकडे पाळकांची साखर चढत चालली. डॉक्टरांनी दम दिला, "उतरली नाही तर प्रवचन बंद, राजधानीच्या इस्पितळात भरती!" आजीच्या तोंडचं पाणी पळालं.

लुपेने चर्चच्या सभागृहात निकाल सांगितला. आजी मला काखोटीला मारून गेली होती.

"सेलुवाया आजी रविवारी सात किलो खाते, तरी तिची साखर उतरली! पाळकसाहेब काहीच खात नाहीत, तरी चढली!"

सगळ्यांनी आजीच्या काडीसारख्या अंगाकडे पाहिलं.

"सात किलो?" आजी कडाडली. "अगं पोरी, मी माणूस आहे की देवमासा? त्यातलं निम्मं पाळकांचं, उरलेलं सगळ्या घराचं!"

"आमच्याकडूनही जातं की!" मागून शेजारीण म्हणाली.

"आमच्याकडूनही!"

पाळकांनी घाम पुसला. "लेकरांनो, प्रेमाने आलेलं ताट परत कसं पाठवू? आणि लुपे, माझ्या घरी शिजलंच नाही, तर तोलू काय?"

लुपेने कपाळावर हात मारला. "तोंडात जातं ते तोला हो, भट्टीतून निघतं ते नाही!"

आजीचा चेहरा पडला. "म्हणजे यांना इस्पितळात मीच धाडत होते होय?" ती रडू लागली, आणि मला फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी तिने मला पाळकांच्या जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवलं; भाऊ चुलीपाशी, आणि ताटं तर थेट टेबलावर येत. ताटं अजून येतात, रीत कशी मोडेल? पण आता ती माझ्यावरून जातात, पाळकांपुरतं राहतं आणि बाकीचं गावात वाटलं जातं. साखर उतरते आहे, प्रवचन चालू आहे.

मित्रांनो, काट्यावर रागावू नका. त्याला पुसत जा, आणि तुम्ही खरंच खाता तेच त्याला दाखवा. पाळकसाहेब जेवणाआधी अजूनही डोळे मिटून प्रार्थना करतात. फक्त एक डोळा किलकिला असतो, आणि तो माझ्या सुईवर असतो.