खचदरीपलीकडची राणी

“पद्दू, कस्तुरीला जाऊन वर्ष झालं नाही आणि तू गोंबे मांडतोस?” मारतहळ्ळीहून आलेल्या वसुमतीअक्का भावाच्या दारातच थबकल्या.

“तिचीच इच्छा होती, अक्का. आत तर ये.”

दसऱ्याच्या बाहुल्यांपुढे कस्तुरी दरवर्षी एक देखावा करायची. भूगोलाची शिक्षिका, कधी ज्वालामुखी, कधी त्रिभुज प्रदेश. आफ्रिकेतली खचदरी तेवढी राहून गेली. आता पद्मनाभनं ती जेवणाच्या टेबलावर प्लास्टरमध्ये केली होती. दोन उभे कडे, मध्ये सपाट तळ, तळात निळी सरोवरं. लग्नात तिच्या माहेरून आलेले लाकडी राजा-राणी त्यानं एकाच कड्यावर उभे केले होते.

“अय्यो, नदीनं केवढं खोदलं रे!”

“नदीनं नाही गं. दोन्ही बाजू दूर सरकतात, मधली जमीन खाली बसते.”

वाक्य कस्तुरीचं होतं. आवाजही जरा तिचाच आला. अक्कांनी पदर सावरला.

*

सकाळी राणी पलीकडच्या कड्यावर होती. दाराला आतून कडी. त्यानं तिला परत आणलं.

*

कस्तुरी, आठवीच्या वर्गात: वर्षाला थोडंसंच सरकतं, मुलांनो. बघत उभं राहिलं तर काही दिसत नाही.

*

पुन्हा पलीकडे. आधी वितीत मावणाऱ्या दरीला आता दोन्ही हात पसरावे लागत होते. प्लास्टरला तडा नव्हता. टेबल तेवढंच होतं.

त्यानं दोघांना दोऱ्यानं बांधलं. सकाळी दोरा राजाच्या हाताला लोंबत होता, राणीकडची गाठ तशीच, रिकामी.

“झोपेत तूच हलवत असशील,” घरी परतलेल्या अक्का फोनवर म्हणाल्या. “विजयादशमीला बाहुल्या निजवून मांडणी उचलतात ना, तशी राणीला निजव, मग पेटीत ठेव. सुटेल बिचारी.”

“म्हणूनच निजवणार नाही.”

*

कस्तुरी, त्याच वर्गात: शेवटी दरीत समुद्र शिरेल. दोन वेगळे भूभाग होतील. रडायचं काय त्यात, उपेंद्र?

*

विजयादशमीच्या संध्याकाळी राणी आपली आपणच आडवी झालेली होती. पलीकडे. तळातून खाऱ्या ओलीचा वास येत होता.

पद्मनाभनं मऊ, धुवट कापडाचा तुकडा घेतला. या बाजूनं हात पुरेना. तो टेबलाला वळसा घालून निघाला. बराच वेळ चालावं लागलं. गुडघे भरून आले. त्यानं तिच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं आणि मागे वळून पाहिलं.

समोरचा कडा धूसर झाला होता. त्यावर राजा उभा होता, एवढासा. पद्मनाभला परत त्याच बाजूला जायचं होतं.