तिरकी धरलेली तिसरी काच

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर डोळे बरे करून देतो म्हणणाऱ्या महाराजांनी दोन करड्या काचा एकीपुढे एक धरल्या आणि मागचा दिवा दिसेनासा झाला.

"हा तुमच्या डोळ्यांतला अंधार!" ते गरजले. "त्यावर डॉक्टरांचे थेंब म्हणजे अंधारात अंधार. आता आमची सिद्ध काच बघा!"

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. चकाकी अडवणारे गॉगल आम्ही असेच तपासतो, एक काच उभी, एक आडवी, की काळोख. आणि काच वाढवली की उजेड घटतो, हे वीस वर्षांचं ज्ञान. शेजारी काचबिंदू झालेली माझी ताई बसली होती. तिचे थेंब बंद झाले तर नजर जाणार होती, आणि गेलेली परत येणार नव्हती. म्हणून मी उठून ओरडले, "तिसरीने काळोख वाढेलच!"

महाराजांनी तिसरी काच त्या दोन्ही काचांच्या मध्ये सरकवली. दिवा दिसू लागला.

"तुझंच खोटं ठरलं," ताई म्हणाली. थेंबांची बाटली तिने तिथेच कचऱ्यात टाकली आणि पुढे आठ दिवस मला दार उघडलं नाही.

दुकानात मी तशाच तीन काचा घेतल्या, दोन उभी-आडवी लावल्या. तिसरी मध्ये सरळ धरली, काळोख. तिरकी केली, उजेड! मंत्र नाही, महाराज नाहीत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वहिनीला फोन करून सगळं सांगितलं.

"वहिनी, चाळणी वाढवल्यावर पीठ वाढतं का गं?"

"ही नुसती चाळणी नव्हे, ही प्रकाशाचं कंपनही फिरवते. तिरक्या काचेतून निम्मा प्रकाश सुटतो, पण त्याचं कंपन तिरकं होऊन. मग पुढच्या काचेतूनही त्यातला निम्मा सुटतो."

"मग प्रकाशाचा कुठला कण सुटणार, कुठला अडणार?"

"ते आधी कुणालाच सांगता येत नाही. निसर्ग आहेच तसा विचित्र. म्हणून काय तो महाराजांच्या मालकीचा झाला?"

नवव्या दिवशी मी ताईच्या दारातच बसकण मारली. शेवटी तिने दार उघडलं. काचा तिच्याच हातात दिल्या. तिने मधली तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. मग ती रडू लागली.

"मला डावीकडून तू नीट दिसत नाहीस गं."

तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गेलं ते गेलं, उरलेलं थेंबांनी टिकेल.

हात न लावता छातीठोक बोलले, ही माझी चूक. तुम्ही ती करू नका. चमत्कार दिसला की वस्तू हातात मागा, फिरवून बघा. उत्तर सापडायला वेळ लागेल, लागू दे. तोवर औषध मात्र थांबवू नका.