माझ्या पोटातला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे, चौदा आसनांची आणि आता चाकं नसलेली. माझ्या डाव्या अंगावर एका बाईचं नाव मोठ्या पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या तांबड्या वाळवंटात माझं आयुष्य गेलं. आमच्या आदिवासी वस्तीत वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटो पाहत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. घरच्यांचं मन निवेपर्यंत तरी नाही.

ती बाई माझ्या पुढच्या आसनावर बसून पाहुण्यांना आपला मुलूख दाखवायची. मला चालवायची तिची भाची ग्लेनिस. वस्तीवर पोचलो की ग्लेनिसची आई, म्हणजे बाईची थोरली बहीण म्यूरियल, निखाऱ्यांत भाकरी भाजत बसलेली असे. बाई झुडपाच्या मुळातून बोटभर पांढरी अळी उकरून पाहुण्यापुढे धरायची.

"खा रे, बदामासारखी लागते."

"अहो, जिवंत आहे ती!"

"तूही आहेस. बघू, आधी कोण घाबरतं!"

म्यूरियल तिकडून ओरडायची, "अगं, पाहुण्यांना छळू नकोस! मग भाकरी कोण खाणार?"

"तू आहेस की. नाहीतरी अर्धी तूच संपवतेस!"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळायची. मला त्या दोघींचा फार अभिमान होता.

पुढे बाईची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातले तीन दिवस शहरातल्या दवाखान्यात जायला लागले. त्या दिवसांसाठी तिनं आपलं सगळं बोलणं एका कॅसेटमध्ये भरून दिलं. किल्ली फिरवली की माझ्या पोटातून तिचा आवाज सुरू व्हायचा, "या, बसा. आधी पाणी प्या, शहाणपणा नंतर करा."

एका हिवाळ्यात ती दवाखान्यातून परत आलीच नाही. ग्लेनिसनं हिरव्या डहाळ्यांचा धूर माझ्या आत फिरवला, अंगावरचं नाव खरवडून काढलं, आत टांगलेला तिचा फोटो उतरवला. सगळं रीतीप्रमाणे केलं. कॅसेट मात्र माझ्या पोटातच राहिली. रडून डोळे सुजलेल्या पोरीच्या ते लक्षातच आलं नाही.

दोन महिने मी वस्तीवर नुसती उभी होते. मग शहरातून दुसऱ्या गाडीनं पाहुणे आले आणि माझ्यात येऊन बसले. त्यांना निरोप द्यायला म्यूरियल माझ्या दाराशी आली. ग्लेनिसनं किल्ली फिरवली.

"या, बसा. आधी पाणी प्या..."

म्यूरियल होती तिथंच वाळूत कोसळली आणि कपाळावर मुठी मारून घेऊ लागली. "बंद कर! बंद कर गं ते!" वस्तीतल्या बायकांनी हंबरडा फोडला. ग्लेनिसनं किल्ली उपटली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्याच पोटातून झालं होतं.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. मला वस्तीबाहेर उघड्यावर ढकललं आणि कॅसेटला शिवायची कुणाची छाती झाली नाही. सात उन्हाळे माझं पत्र्याचं अंग तव्यासारखं तापलं.

आठव्या वर्षी म्यूरियल काठी टेकत आली. मागून ग्लेनिस बॅटरी घेऊन.

"आई, नक्की लावू?"

"लाव. माझं मन निवलंय. पण पोरी, मी तिचा आवाज विसरायला लागलेय."

मित्रांनो, मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं. किल्ली फिरली. माझ्या पोटातून नुसती घरघर आली. ग्लेनिसनं पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. म्यूरियल स्पीकरच्या जाळीला कान लावून बसली होती.

"बोलत का नाही ती?"

"फीत वितळली गं आई. उन्हानं."

म्यूरियलनं कान काढला नाही. तसंच बसून तिनं विचारलं, "तुला तरी आठवतो का गं?" ग्लेनिसनं 'या, बसा' म्हणून पाहिलं, पण आवाज तिचा स्वतःचाच निघाला.

मला बाईचा शब्द न् शब्द पाठ आहे. पण त्या दोघींना ऐकू जाईल असं तोंड मला कुठे आहे?

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगते. कोणी दुःखात असेल तर त्यांची रीत पाळा आणि गप्प राहा. पण आज जो आवाज ऐकवत नाही, तो उन्हात टाकू नका. फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. म्यूरियल काठी टेकत एवढं चालत आली होती, आणि तिला द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.