न फाटलेल्या जागी

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका कोळीगावात कुणाचा स्वेटर उसवला की तो एफी मॅकिनिसकडे यायचा. नवरा समुद्रात बुडाल्यापासून दुपारच्या उजेडात खिडकीशी बसून रफू करणं हाच तिचा आधार होता. कपडे न्यायला आलेली माणसं दोन शब्द बोलून जात, आणि तेवढ्यासाठीही ती मनोमन त्यांचे आभार मानायची.

एके दिवशी शेवंडं पकडणारा लॉकी हसत दारात उभा राहिला. "एफी, कोपर फाटलं होतं. तू पोटावरही रफू केलंस की! तिथं तर धड होतं."

टाके तिच्याच हातचे होते. घातल्याचं मात्र आठवत नव्हतं. "वय झालं रे," ती ओशाळली. "दे, उसवून देते."

"राहू दे गं. म्हाताऱ्या पोटाला ऊब."

आठवड्याभरातच पिंजरा ओढताना दोर तुटला आणि लोखंडी आकडा लॉकीच्या पोटावर येऊन आदळला, नेमका त्या रफूवर. दाट लोकरीत तो अडकून राहिला. कातडीला ओरखडासुद्धा नाही. संध्याकाळी त्याची बायको सीना ब्लूबेरीचा केक घेऊन आली आणि तिने एफीचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

मग सीनाच्या नातीच्या हातमोज्याच्या तळव्यावर रफू निघालं, आणि चारच दिवसांनी पोरगी तापलेल्या शेगडीवर तोल जाऊन पडली, तळवा वाचला. हे कसं होतं ते पाहावं म्हणून एफीने एकदा मुद्दाम स्वतःच्या हातांवर नजर ठेवली, तर ते दुपारभर मांडीवर नुसते पडून राहिले. तिने पुन्हा शोध घेतला नाही. रोज सुई ठेवताना ती हातांना हळूच म्हणायची, "उपकार झाले."

ऑक्टोबरात तिची मुलगी मोराग हॅलिफॅक्सला नोकरीवर निघाली. नव्याकोऱ्या लाल कोटाचं बटण सैल होतं, तेवढं एफीने आदल्या दुपारी लावून दिलं. सकाळी खुंटीवरून कोट काढला तर तो हाताला जड लागला. कॉलरपासून घेरापर्यंत, बाह्यांवर, अस्तरावर, सगळीकडे लाल धाग्याचं बारीक रफू होतं. बोटभर मूळ कापड कुठे उरलं नव्हतं.

"आज नको जाऊस."

"आई, बस आलीय! उद्या पहिला दिवस आहे माझा."

एफीने तिला कोट चढवला आणि एकेक बटण वरपर्यंत लावलं. "हा अंगातून काढायचा नाही. बसमध्येसुद्धा."

"नाही काढत, बाई. केवढा जड केलायस!"

"उपकार झाले," एफी पुटपुटली, आणि खरोखरच तिचं ऊर कृतज्ञतेने भरून आलं. मग तिची नजर कॉलरच्या वर गेली, मोरागच्या उघड्या, हसऱ्या चेहऱ्यावर. आणि तिची बोटं आपोआप सुई शोधू लागली.